बिनगुन्ह्याची हजेरी

पोलिसातून रिटायर झालेल्या बाईला लोक दोनच गोष्टी विचारतात. कधी गोळी झाडलीत का, आणि खुनाची केस बघितलीत का. गोळी मी फक्त सरावाला झाडली, ती कुठं गेली ते आजतागायत कळलेलं नाही. आणि आमच्याकडचे खून म्हणजे बांधावरून नाहीतर विहिरीवरून, त्यातही मारणारा स्वतःच चालत ठाण्यावर यायचा. सांगण्यासारखं काय असणार त्यात?

आमच्याकडे साठा दुसराच. रत्नागिरीत वेड्यांचं इस्पितळ. त्यामुळं कुठल्याही गावात भांडण झालं की, ह्याला रत्नागिरीला धाडा, असं म्हणायची पद्धत. आम्ही रत्नागिरीतच राहणारे, आम्हाला कुठं धाडणार? आणि धाडलेला माणूस एसटीतून उतरून पहिला कुणाला सापडायचा? पोलिसाला. किस्से असे फणसाच्या आठळ्यांसारखे जमतात बघा. गरे खाताना कोणी त्यांच्याकडे बघत नाही, बाजूला सारतो. नंतर भाजायला घेतल्या की कळतं, केवढा ढीग झालाय.

हल्ली मनोरुग्ण म्हणतात, ते बरोबरच आहे. आम्ही ऐंशीच्या सालात सरळ वेडा म्हणायचो. जुनी जीभ आहे, अधूनमधून घसरेल. सांभाळून घ्या.

*

ठाण्यात बाई मी एकटी. खाकी साडी, खाकी ब्लाउज, आणि सगळ्या जिल्ह्यातल्या बायकांची कामं माझ्या डोक्यावर. कोणी बाई रस्त्यात केस सोडून बसली की, बोलवा सुर्वेबाईंना. पण वेड्यांच्या बाबतीत खरे तज्ज्ञ म्हणजे आमचे घाग हवालदार. हे तज्ज्ञपण त्यांना कोणी दिलेलं नव्हतं, त्यांनीच घेतलेलं होतं.

घागांचा नियम एकच. समोरचा काय म्हणेल त्याला हो म्हणायचं. तो म्हणाला मी राजा, तर आपण म्हणायचं, हो महाराज, गाडी तयार आहे. नवीन पोरगा भरती झाला की घाग त्याला आधी हे शिकवायचे, सॅल्यूट नंतर. आणि खोटं कशाला बोलू, बऱ्याच वेळा ते लागूही पडायचं.

एकदा एसटी स्टँडवरून निरोप आला. एक खाकी शर्टवाला गृहस्थ बाकावर उभा राहून गाड्या रद्द झाल्याचं जाहीर करत होता. लांजा रद्द, राजापूर रद्द. आणि गंमत अशी की लोक ऐकत होते! कारण हा माणूस कारणं देत होता. स्टँडवरच्या कंट्रोलरनं कधी कोणाला कारण दिलेलं आम्ही ऐकलं नाही. ह्यानं मात्र सांगितलं, लांजा गाडीचा ड्रायव्हर सासरी गेलाय, बायको रुसलीय. अर्धं लांजा पिशव्या उचलून घरी निघालं होतं.

घागांनी जाऊन कडक सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले, साहेब, तुम्हाला बढती मिळाली, ठाण्यावर येऊन चार्ज घ्या. गृहस्थ मुकाट जीपमध्ये बसला. घागांनी माझ्याकडे बघून मिशीला हात लावला. तेवढ्यात कंट्रोलर धावत आला, लालबुंद झालेला. आम्हाला वाटलं, अफवा पसरवल्याची तक्रार देणार.

"लांजा गाडी खरंच रद्द आहे," तो म्हणाला, "पण ते सांगायचं काम माझं आहे. आणि ड्रायव्हर सासरी गेल्याचं ह्याला सांगितलं कोणी?"

*

ह्या हो म्हणण्यातूनच अनंता आमच्या गळ्यात पडला.

अनंता मिरकरवाड्यातला खलाशी. तिशी नुकती ओलांडलेला, अंगानं दणकट, बोलायला कमी. एका सकाळी मासेमारीची लाँच समुद्रात जायची होती आणि ह्याची दाढ ठणकत होती. म्हणून धाकटा भाऊ वासू ह्याच्या जागी गेला. लाँच परत आली नाही. लाँच हाकणारा तांडेल नाही, खलाशी नाहीत, कोणीच नाही. पंचनामा झाला, जबाब झाले, अपघात म्हणून काम मिटलं. अनंताचं मात्र मिटलं नाही. तो म्हणायला लागला, वासूला मी मारला.

एक दिवस सकाळीच तो कापडी पिशवी घेऊन ठाण्यावर आला. पिशवीत टॉवेल, लुंगी आणि दंतमंजन. तुरुंगात जायची सगळी तयारी. म्हणाला, भावाचा खून केलाय, मला आत घ्या.

टेबलावर घाग होते. त्यांनी मला डोळ्यानं खुणावलं, आता बघा. मग अगदी मायेनं म्हणाले, हो रे बाबा, तूच मारलास, आम्हाला सगळं कळलंय, आता घरी जा आणि दोन घास जेव.

अनंताचा जीव एकदम हलका झाल्यासारखा दिसला. तो खाली बसला आणि म्हणाला, "मग उघडा लॉकअप."

घागांची आली का पंचाईत! हो तर म्हणून बसलेत, आणि गुन्ह्याशिवाय आत घ्यायचं कसं? ते म्हणाले, लॉकअपमध्ये जागा नाही. अनंतानं मान वळवून बघितलं, लॉकअप मोकळं. ते म्हणाले, चुना मारायचा आहे. अनंता म्हणाला, मी मारतो. शेवटी घाग म्हणाले, साहेब रजेवर आहेत, उद्या ये. तेवढ्यात आतल्या खोलीत साहेब खोकले.

तो कसाबसा गेला आणि आम्ही पोट धरून हसलो. दुपार कलल्यावर त्याची आई आली. सुकी मासळी विकणारी, एवढीशी म्हातारी. घागांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"तुमी घरी धाडलात, पन तो घरी येत नाय," ती म्हणाली. "धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा ऱ्हातो. आज शेजाऱ्यांनी धरून आणलानी. एक गेला माझा. ह्यो तरी ठेवा मला."

त्यावर हसायला कोणी उरलं नाही. घागांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि बराच वेळ घातली नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि घाग अनंताला नि त्याच्या आईला घेऊन इस्पितळात गेलो. डॉक्टर भला माणूस. त्यांनी अनंताशी दार लावून खूप वेळ बोलून गोळ्या दिल्या, आठवड्याला दाखवायला सांगितलं, एकटं सोडू नका म्हणाले. मग घागांना बाजूला घेऊन सांगितलं, त्याच्या त्या बोलण्याला हो म्हणू नका. घागांनी विचारलं, मग नाही म्हणू? डॉक्टर म्हणाले, एवढ्यात नाहीही म्हणू नका, तो ऐकणार नाही. मग म्हणू तरी काय? डॉक्टर म्हणाले, काही म्हणू नका, ऐका.

परतताना घाग ठाण्याच्या पायरीवर थांबून मला म्हणाले, "नुसतं ऐकायचं? पोलिसानं?"

*

आता साहेबांचं सांगते. आमचे फौजदार पाटीलसाहेब कराडकडचे. कोकणात बदली म्हणजे शिक्षा, अशी त्यांची पक्की समजूत. मच्छीमार्केटवरून जीप गेली की नाकाला रुमाल. आवाज असा की ठाण्यात बोलले तर बाहेर रिक्षावाला गाडी बाजूला घ्यायचा.

भाट्याच्या बाजूला एक बऱ्या घरचा माणूस सकाळपासून माडावर चढून बसला होता आणि खाली यायला तयार नव्हता. घरच्यांनी सांगून बघितलं, शेजाऱ्यांनी सांगून बघितलं. साहेब भोंगा घेऊन गेले. खाली ये, तुला कायबी होनार न्हाई, असा पुकारा सुरू झाला. तो येईना तसा साहेबांचा आवाज चढत गेला, आणि आवाज चढला की तो माणूसही थोडा वर चढायचा. अशानं तो शेंड्याला पोचला आणि नारळ खाली पडायला लागले. गर्दी मागे सरली. साहेब सरले नाहीत, कारण ते कराडचे. नारळ पडतो म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. घागांनी ओढून बाजूला केलं म्हणून आमचे साहेब शाबूत राहिले.

मग त्या माणसाची बायको घरातून आली. हातात ताट, ताटात भात आणि बांगड्याचं तिखलं. माडाच्या मुळाशी येऊन बसली आणि शांतपणे जेवायला लागली. वर बघितलंही नाही. थोड्या वेळानं आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, दुसरं ताट घरात आहे, गार झालं तर मी परत गरम करणार नाही.

तो उतरला. हात धुतले, जेवला. जेवून झाल्यावर साहेबांसमोर येऊन अगदी नम्रपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही एवढे ओरडत होतात. मला वाटलं खाली काहीतरी भयंकर चाललंय."

साहेबांनी भोंगा जीपमध्ये टाकला, तो परत काढलेला मी बघितला नाही. त्या दिवशी जेवायच्या वेळी त्यांनी घागांना हळूच विचारलं, ते बांगडा म्हणतात ते खानावळीत मिळतं का.

*

इकडे अनंताचं येणं चालूच होतं. रोज पिशवी, रोज तीच मागणी. परत पाठवावं तर धक्क्याची भीती, ठेवून घ्यावं तर कायदा नाही. एके दिवशी साहेबांनी त्याला समोर बोलावलं.

तेव्हा गावातल्या नावाजलेल्या गुंडांना रोज सकाळी ठाण्यावर हजेरी असायची. यायचं, साहेबांसमोर उभं राहायचं, साहेब एकदा वरपासून खालपर्यंत बघणार, मग जायचं. माणूस गावात आहे आणि शुद्धीत आहे एवढं कळलं की आमचं काम झालं.

साहेबांनी अनंताला करड्या आवाजात सांगितलं, "तपास चालू आहे. तो संपेपर्यंत रोज सकाळी हजेरी. आठवड्याला डॉक्टर. गोळी चुकली तर गाठ माझ्याशी आहे."

अनंतानं मान हलवली आणि पिशवी उचलून घरी गेला. सरळ घरी! घाग तोंड उघडं टाकून बघत राहिले. मला म्हणाले, "हो पण म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. हे मला इतकी वर्षं का सुचलं नाही?"

डॉक्टरांच्या कानावर घातलं तेव्हा ते आधी हसले. मग म्हणाले, औषध लागू पडेपर्यंत चालू द्या, पुढं आपण हळूहळू सोडवू, पण मला विचारल्याशिवाय तोडू नका. अनंताची आई मार्केटात भेटली तर मला हातातली पाटी खाली ठेवून सांगायला लागली, आता झोपतो हो, सकाळी हजेरीला उठायचं असतं म्हणून झोपतो.

*

हजेरीच्या रांगेत मात्र वाद झाला. रांगेत पहिला मान बाब्याचा. बाब्या म्हणजे बंदरावरचा दादा, मारामाऱ्यांत नाव कमावलेला. अनंता पहाटे उठणारा खलाशी, तो सगळ्यांच्या आधी येऊन उभा राहायचा. बाब्याला ते लागलं. त्यानं रीतसर घागांकडे तक्रार केली.

"हवालदार, मी एवढी डोकी फोडून हितं उभा ऱ्हातो," तो म्हणाला, "आणि हा काय न करता माझ्या पुढं?"

घागांनी त्याला गप्प केलं. पण गोष्ट काय आहे ते बाब्याला कळल्यावर त्याचा सूर बदलला. पुढं पुढं तर अनंताला यायला जरा उशीर झाला तर बाब्या त्याची जागा धरून ठेवायचा, दुसऱ्या कोणाला उभं राहू द्यायचा नाही. आणि गोळी घेतलीस का, असं रोज विचारायचा. बाब्याची भीती अशी की अनंता काय, रांगेतले सगळेच खिसे चाचपायचे.

*

उधाणाच्या दिवसांतली गोष्ट. भरदुपारी एक मासेवाली बाई ठाण्यात आली. केस विस्कटलेले, पदराचा पत्ता नाही, श्वास लागलेला. म्हणाली, घरात समुद्र आलाय, चुलीवरची टोपं चालली, लवकर चला.

डॉक्टरांनी शिकवलेलं ऐकून घेणं घागांनी अनंतापुरतंच ठेवलं होतं. बाकी जगाला जुनाच नियम. ते मान डोलवून म्हणाले, येऊ दे गो, समुद्र पाहुणा आहे, बसायला पाट दे, चहा ठेव. बाई गप्प झाली. घागांना वाटलं, लागू पडलं. ते आणखी रंगात आले, म्हणाले, टोपं फिरायला गेली असतील, संध्याकाळी येतील परत.

बाईनं त्यांना नीट निरखून बघितलं. मग माझ्याकडे वळून दबक्या आवाजात विचारलं, "बाय, ह्यांना कदीपासून असा होताय?"

बाकावर अनंता बसलेला होता. हजेरी झाली तरी तो हल्ली दुपारपर्यंत टेकायचा. तो उठून म्हणाला, आज मोठं उधाण आहे. आम्ही धावलो. मिरकरवाड्यात बांधाची दगडं सरकून पाणी खरंच घरांत शिरलेलं होतं. तिची टोपं एकामागोमाग एक गल्लीतून बंदराकडे चाललेली. घाग पँट गुडघ्यापर्यंत वर करून टोपांच्या मागे धावत होते, आणि ती बाई दारात उभी राहून त्यांना हाका मारत होती, पाहुण्याला चहा ठेवू का!

अनंता मात्र पाण्यात उतरला नाही. कडेला उभा राहून आम्ही दिलेली भांडी घेत राहिला. समुद्राकडे पाठ करून घेत होता. पण होता तिथं, पळाला नाही. मी त्या दिवशी घरी आल्यावर देवाजवळ दिवा लावला.

*

पोलिसाला वेड्यांच्या इस्पितळात वेडा समजून आत ठेवला, हा किस्सा तुम्हाला प्रत्येक गावात ऐकायला मिळेल. आमच्याकडे तसं काही झालं नाही. झालं ते असं.

राजापूरच्या पलीकडच्या वाडीतली एक बाई, सगळे तिला सुंदरी म्हणायचे. कोर्टाचा हुकूम काढून तिला इस्पितळात पोचवायचं काम माझ्याकडे आलं. सुंदरी दिवसरात्र बोलायची, गायची, भेटेल त्याला आशीर्वाद द्यायची. मी तिच्या नवऱ्याला म्हटलं, काळजी करू नका, मी आहे. आणि एसटीत तिच्या शेजारी बसले.

एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नव्हती. मला गाडी लागते. पोलीस झाले तरी गाडी लागते! राजापूर सुटून वळणं सुरू झाली आणि माझं अवसान गेलं. सुंदरीनं गाणं मध्येच थांबवलं. माझं डोकं मांडीवर घेतलं. पुढच्या बाईकडून आवळा मागून घेतला आणि माझ्या तोंडात कोंबला. कंडक्टरला दम दिला की ड्रायव्हरला सांग सावकाश घ्यायला, सरकारी बाई आहे. लांज्याला गाडी थांबली तर स्वतः उतरली. मी अर्धमेली, मला वाटलं, गेली आता ही, आणि माझी नोकरी गेली. ती पेल्यातून पाणी घेऊन परत आली आणि माझं तोंड पुसलं.

इस्पितळाच्या दारात मला खांद्याला धरून तीच घेऊन गेली. नर्स पुढं आली. खाकी साडी होती म्हणून मी वाचले. सुंदरीनं नर्सचा हात धरून कळकळीनं सांगितलं, "हिला नीट बघा हां. वाटेत फार त्रास काढलान बिचारीनं."

काही महिन्यांनी ती बरी होऊन घरी गेली. जाताना ठाण्यावर आली, आवळ्याची पुडी देऊन गेली.

*

आता शेवटचं सांगते.

पाटीलसाहेबांची बदली झाली. गंमत बघा, जाताना त्यांच्या डोळ्यांत पाणी, आणि सामानात सुके बांगडे. त्यांच्या जागी देशमुखसाहेब आले. तरुण, शिकलेले, कोणाला अरेतुरे नाही. कायदा तोंडपाठ. पहिल्याच आठवड्यात त्यांनी रांगेतल्या अनंताकडे बघून विचारलं, ह्यांच्यावर कोणतं कलम? घागांनी सगळं सांगितलं. साहेब अस्वस्थ झाले. म्हणाले, निर्दोष माणसाला गुंडांच्या रांगेत उभं करणं अन्याय आहे. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारून करू या. ते म्हणाले, विचारू की, पण चांगल्या कामाला उशीर कशाला.

त्यांनी अनंताला खुर्चीवर बसवलं. चहा मागवला. आजवर ठाण्यात खुर्ची त्याला कोणी दिली नव्हती. साहेबांनी त्याला अहोजाहो करून सांगितलं की तुमच्या हातून कोणताही गुन्हा झालेला नाही, तुम्ही मोकळे आहात, उद्यापासून यायची गरज नाही. मनापासून सांगितलं हो.

अनंतानं एवढंच विचारलं, तपास संपला? साहेब म्हणाले, संपला. अनंतानं चहा प्यायला, नमस्कार केला आणि गेला. बरं झालं एकदाचं, असं आम्ही एकमेकांना म्हणालोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीची रांग लागली. साहेब बाहेर आले. बाब्यानं रांगेतल्या पहिल्या जागेवर हात आडवा धरलेला होता.

म्हणाला, अनंता आला नाय अजून. साहेब म्हणाले, त्यांना सोडलंय काल. बाब्यानं विचारलं, "कुठं सोडलात?"

साहेब उत्तर देणार तेवढ्यात अनंताची आई आली. धावत, अनवाणी. तिनं धक्क्याच्या दिशेनं हात केला. साहेबांनी टोपीसुद्धा घेतली नाही. साहेब, घाग, मी, म्हातारी, आणि मागून कोणाला न विचारता बाब्या चढला, तशीच जीप मिरकरवाड्याला.

धक्क्यावर मासळीचा लिलाव थांबलेला होता. माणसं लांब उभी. भरती चढत होती. अनंता धक्क्याच्या टोकाला खालच्या दगडांवर उतरला होता, कमरेपर्यंत पाणी. कोणी पुढं झालं की तो आणखी एक दगड खाली उतरत होता. चांगले पोहणारे चारजण होडी घेऊन बाजूनं वळसा घालत होते, पण तो त्यांच्यावरही नजर ठेवून होता.

घाग पुढं झाले. हा माणूस आयुष्यभर कोणासमोर शब्दाला अडला नाही. आज दोन पावलं टाकली आणि मागं फिरून साहेबांकडे बघितलं. म्हातारी तिथंच ओल्या जमिनीवर बसली. मी तिला धरलं.

देशमुखसाहेब अगदी कडेला गेले. अनंतानं मागं वळून न बघता म्हटलं, "तुमीच सांगितलात ना, माजा आता तिथं काय काम नाय."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. मग ते बोलले, आणि आवाज असा काढला की मी दचकून बघितलं, पाटीलसाहेब कराडहून परत आले की काय.

"अनंता! खून तू केलेला नाहीस. काल सांगितलं, आज परत तेच सांगतो. पण आज हजेरी चुकवलीस. तो गुन्हा आहे, आणि तो तूच केलास."

अनंता वळला. "खरा?"

"साक्षीदार आहे."

"मी बघितला," बाब्या मागून म्हणाला. "लायनीत नव्हता."

अनंता आमच्याकडे एकेकाकडे बघत राहिला. मग एक दगड वर आला. थांबला. मग आणखी एक. साहेबांनी पालथं पडून हात खाली घातला, घागांनी साहेबांचे पाय धरले, आणि त्याला वर ओढून घेतला. चिंब भिजलेला, थंडीनं दात वाजत होते. त्यानं साहेबांकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि मग घागांवर असा भडकला की कधी एवढं बोलताना मी त्याला ऐकलं नव्हतं.

"मग एवढा उशीर का लावलात यायला?"